आधी मनगट सोडवून दाखवा, मग सर्टिफिकेट बघू: शालेय शिक्षण मंत्र्यांना ग्वाल्हेरहून खुलं पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्रीजी,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलींच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाबद्दल हिंदीत दोन अर्ज देऊन झाले, एका ऑफिसात, दोन्हीची पोच आहे माझ्याकडे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं मराठीत लिहितोय आणि सरळ सगळ्यांसमोर टाकतोय. भोपाळात वाचून दाखवायला कोणीतरी मराठी माणूस मिळेलच तुम्हाला, नाहीच मिळाला तर आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून पाठवतो, इथे घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणारे गल्लीगल्लीत आहेत.

मी दिवसा दौलतगंजात रेडीमेड कपड्याच्या दुकानात बसतो आणि संध्याकाळी सहा ते आठ कराटेचा क्लास घेतो, क्लासला बावीस वर्षं झाली. मुलगी सरकारी शाळेत नववीला आहे. शाळेत ते रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं ना, तीन महिन्यांचं, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं, ते यंदा तिच्या शाळेत झालं. मी मुद्दाम गेलो नाही बघायला, म्हटलं आपण कराटेवाले, तिथे उभे राहिलो तर त्या सरांना उगाच अवघडल्यासारखं होईल.

शेवटच्या दिवशी पोरगी सर्टिफिकेट घेऊन घरी आली. एकदम खुश. माझा भाचा बंटी आलेला होता, बीकॉमला आहे, जिमला जातो, अंगाने दांडगा पण स्वभावाने गरीब. ती म्हणाली बंटीदादा माझा हात पकड. त्याने पकडला. हिने हात गोल फिरवला, जसा शाळेत शिकवला होता तसा, एक दोन तीन असं तोंडाने मोजत, आणि हात काही सुटला नाही. म्हणाली तसा नाही रे, नीट पकड. त्याने नीट पकडला, म्हणजे अजून घट्ट. तिने परत फिरवला, मग ओढला, मग दोन्ही पायांनी मागे रेटून ओढला, बंटी बिचारा माझ्याकडे बघतोय की मामा सोडू का, मी मान हलवून नाही म्हटलं. कडकन बांगडी फुटली तेव्हा त्याने सोडला. ती आपल्या मनगटाकडे बघत उभी राहिली, लाल वळ उठला होता, आणि मला म्हणाली, "बाबा, शाळेत तर सुटायचा."

सुटणारच ना. शाळेत समोर तिची मैत्रीण होती आणि सरांनी सांगितलं होतं की तीन म्हटलं की पकडणारीने सोडायचं.

मी चिडून त्या सरांबद्दल चौकशी केली तर कळलं ब्लॅक बेल्ट आहे, कागद सगळे बरोबर, माणूस पण सरळ, पोरींशी बोलणं-वागणं चांगलं. फक्त त्याचा हात आजवर कोणी खरोखर धरून ठेवलेला नाही. आणि मंत्रीजी, मला राग यायचं खरं कारण हे की पहिली नऊ वर्षं मी पण अगदी असंच शिकवत होतो. तीन म्हटलं की सोडायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी पोरापोरींना मी हेच देऊन पाठवलं, फी घेऊन.

माझे डोळे कसे उघडले ते सांगतो, सांगायला लाज वाटते पण सांगतो. एका ओळखीच्या माणसाबरोबर आखाड्यात गेलो होतो, मातीचा, जुना. तिथल्या उस्तादांना कोणीतरी सांगितलं की हे कराटेचे मास्तर. उस्ताद हसले, एका पंधरा वर्षांच्या पोराला हाक मारली, वजन असेल पन्नास किलो, आणि मला म्हणाले, "मास्साब, ये आपको पकड़ेगा, आप मारना, डरना मत, लड़का पक्का है." मी म्हटलं लहान पोराला कुठे मारू, हळूच मारीन. पण मारायची वेळच आली नाही. मी पवित्रा घेतला, माझा पवित्रा फार सुंदर आहे, अजूनही लोक फोटो काढतात, आणि तेवढ्यात त्याने पट काढला, म्हणजे वाकून माझे पाय धरून ओढले, आणि मी पाठीवर, तोंडात माती. परत उठलो, परत पाठीवर. चौथ्या वेळेला मी ओरडलो थांब थांब, तो थांबला, आणि मला हात देऊन उठवताना विचारतो, "लगी तो नहीं?" घरी येऊन अंघोळ केली, कानातून माती निघाली, आणि दोन दिवस क्लास बंद ठेवला, पोरांना सांगितलं ताप आहे.

त्या पोराने रस्त्यावर एक पण मारामारी केलेली नव्हती, हे मुद्दाम लिहितोय, कारण आता लोक लगेच म्हणतील की हा कराटेवाला सांगतोय गुंड आणून शिकवायला लावा. नाही. तो पोरगा रोज पहाटे लढंत करायचा, समोरचा रोज त्याला पाडायचा प्रयत्न करायचा आणि हा रोज पडायचा नाहीतर पाडायचा, एवढंच त्याचं शिक्षण. खरी मारामारी केलेले मास्तर मी पण बघितलेत, आमच्या शहरात कमी नाहीत, छाती पुढे काढून सांगतात मी चौघांना लोळवलं होतं. अरे बाबा ते चौघं कोण होते, प्यायलेले होते का, तू आधी हात उचललास का, तुझं वजन नव्वद किलो आणि तुझ्यासमोर बसलेली पोरगी चाळीस किलोची, तुझा अनुभव तिला कुठे चिकटवणार. असले मास्तर पोरांना मारायला शिकवतात, सुटायला नाही, आणि शाळेत तर असा माणूस पाऊल टाकायच्या लायकीचा नाही. पोलीस व्हेरिफिकेशन म्हणतात ते याच्यासाठीच.

मग प्रश्न येतो की मास्तर लढलेला असावा का नसावा. लोक यावर रात्रभर भांडू शकतात, आमच्या क्लासबाहेर चहाच्या टपरीवर भांडतातच. मोहम्मद अलीचा ट्रेनर अँजेलो डंडी कधी प्रोफेशनल बॉक्सर नव्हता. टायसनला घडवणारे कस डमॅटो, ते पण नाही. आता जिउजित्सूत, म्हणजे त्या जमिनीवरच्या धरपकडीच्या कुस्तीत, ज्याचं नाव घेतात तो जॉन डॅनहर, गुडघा गेलेला माणूस, स्वतःच्या स्पर्धांसाठी कोणी त्याला ओळखत नाही, पण जॉर्ज सेंट पिएरसारखा चॅम्पियन त्याच्याकडे शिकला. म्हणजे लढलेला नसला तरी चालतं, असं टपरीवरचे म्हणतात. मी म्हणतो नीट बघा, हे तिघं जिथे आयुष्यभर उभे राहिले तिथे रोज माणसं एकमेकांना खरंखुरं मारत होती, धरत होती, सोडत नव्हती. चुकीचं शिकवलं की संध्याकाळपर्यंत चेल्याचं नाक फुटलेलं दिसायचं. आमच्या क्लासात चुकीचं शिकवलं तर नऊ-नऊ वर्षं कळत नाही, उलट शिल्ड मिळते.

ही गोष्ट जपानात एका मास्तराला फार आधी समजली होती आणि मास्तर म्हणजे खरोखरचा, शिक्षण खात्यातला माणूस, तुमच्या लायनीतला. जिगोरो कानो. १८८२ मध्ये एका देवळात बारा चटयांवर त्यांनी ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या विद्येतले जीवघेणे डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले, कारण जो डाव मारला की माणूस मरतो तो पूर्ण जोराने कोणी कोणावर करून बघूच शकत नाही, आणि करून बघितलाच नाही तर येतो की नाही ते कळणार कसं. जे उरलं ते पूर्ण जोराने, समोरचा अंग ढिलं न सोडता. लोकांना वाटतं जेवढं खतरनाक शिकवतात तेवढी विद्या खरी, डोळ्यात बोट घाला, गळ्याची नस दाबा, शाळेत पण हेच शिकवत होते म्हणे. मला विचाराल तर उलट आहे.

आणि न तपासलेल्या विद्येचं काय होतं ते २०१७ मध्ये चीनने बघितलं, चेंगदू शहरात शू शियाओदोंग नावाच्या एमएमएवाल्याने, म्हणजे मारणं-धरणं सगळं चालतं त्या लढतींतल्या माणसाने, वेई लेई नावाच्या ताई चीच्या मास्टरला अर्धं मिनिट व्हायच्या आत खाली घेतलं, व्हिडिओ जगभर फिरला. गंमत म्हणजे नंतर त्रास त्या शूलाच झाला, त्याची सोशल मीडियाची अकाउंटं बंद झाली. हे पत्र टाकताना मला त्याची आठवण येतेच आहे, पण माझं अकाउंट बंद झालं तरी दुकान चालू राहील.

आता तुमच्या योजनेवर येतो. शाळेमागे महिन्याला ५००० रुपये, तीन महिने. एवढ्या पैशात ऑलिम्पिकवाला येणार नाही हे मलाही कळतं, आणि तो नकोच आहे. टोकियोत कराटेच्या शेवटच्या फायनलमध्ये काय झालं आठवतं का, सौदीच्या खेळाडूच्या लाथेने इराणचा गंजजादे बेशुद्ध पडला आणि सुवर्णपदक त्या बेशुद्ध पडलेल्यालाच मिळालं, कारण लाथ नियमापेक्षा जोरात बसली होती. खेळ म्हणून ते बरोबरच आहे, माझी तक्रार नाही, पण रस्त्यावर रेफरी नसतो. म्हणून मेडल बघून पण मास्तर निवडू नका. त्याला शाळेच्या अंगणात बोलवा, पीटीच्या टीचरला सांगा त्याचा हात धरायला आणि सोडू नका म्हणून, आणि मग त्याला सांगा की आता ही गोष्ट या आठवीच्या मुलीला शिकवून दाखवा, अर्ध्या तासात, आणि परत त्याच पीटीच्या टीचरने धरायचं. सुटला नाही तरी चालेल हो! मास्तर तेव्हा काय करतो ते बघा. "तू चुकलीस" म्हणतो, का "हे इथे चालत नाही, थांब, दुसरं करू" म्हणतो. हे दुसरं म्हणाला तर त्याला घ्या, बेल्ट पिवळा असला तरी घ्या.

माझ्या पोरीला त्या रात्री मी काय सांगितलं ते इथे टाकतो, कोणाच्या तरी पोरीला उपयोगी पडेल. पकडीत सगळ्यात कमजोर जागा म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती फट, हात तिथून काढायचा, आणि नुसत्या मनगटाने नाही, कोपर आपल्या पोटाकडे आणून, एक पाऊल आत टाकून, अख्खं अंग घालून. पकड बसायच्या आत. एकदा बसली की आधी नडगीवर बुटाची लाथ, जोरात ओरडणं, त्याचं लक्ष क्षणभर हललं की मग हात, आणि हात सुटला की तिथे थांबून पवित्रा घ्यायचा नाही, पळायचं, माणसं असतील तिकडे. बंटीवर अकरा वेळा केलं, चार वेळा सुटला. सात वेळा नाही सुटला. मी तिला म्हटलं हे सात लक्षात ठेव. आमची ही आतून ओरडली की आता जेवायला बसा, नाहीतर मीच येते सोडवायला.

कॅनडातल्या तीन युनिव्हर्सिट्यांमध्ये ८९३ मुलींवर एक अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये छापून आला. निम्म्या मुलींना फक्त बारा तासांचं ट्रेनिंग, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ट्रेनिंगवाल्यांमध्ये ५.२ टक्के आणि माहितीपत्रकवाल्यांमध्ये ९.८. बारा तास! आपण तीन महिने घेतो. पण त्या बारा तासांत नुसत्या लाथाबुक्क्या नव्हत्या, ओळखीच्याच माणसाचा धोका आधी कसा ओळखायचा, ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, संकोच कसा मोडायचा, हे बरंच होतं. आमच्याकडे हे कोणी शिकवतच नाही कारण हे मास्तरांना येत नाही, मला पण येत नाही, खरं सांगतो. त्यासाठी एखादी बाई हवी बरोबर. आणि एक तास कायद्याचा हवा, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काचीच आहेत, मुलींना एवढं तरी कळू दे की त्यांनी लाथ मारली तर कायदा कुठपर्यंत त्यांच्या बाजूने आहे.

आमच्या ग्वाल्हेरला याच्यासाठी बाहेर बघायची गरज नाही हो. १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्याच नावाची शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था इथे आहे, शरीराला शिकवायचं कसं हे शिकलेली पोरंपोरी दर वर्षी तिथून बाहेर पडतात. इथल्याच कंपू भागात मुलींची हॉकी अकादमी आहे. तिथे जाऊन सांगून बघा की आम्ही असा कोच पाठवतोय जो कधी मॅच खेळला नाही आणि ज्याच्या पोरींसमोर कधी दुसरी टीम उभी राहिली नाही, फक्त स्टिक फार सुंदर फिरवतो. बघा काय म्हणतात. आखाड्यातल्या पोरी आहेत, ज्युदोवाल्या पोरी आहेत, महिन्याला ५००० त्यांना चांगले वाटतील.

ज्यांचं नाव योजनेला दिलंय त्यांची समाधी फुलबागेत आहे, माझ्या क्लासपासून स्कूटरवर दहा मिनिटं, दर जूनला तिथे मेळा भरतो, तुमच्यातले कोणी ना कोणी येतातच हार घालायला. मनू बिठूरला नानासाहेबांबरोबर तलवार शिकली असं सांगतात, तेव्हा ती पोरं तीन म्हटल्यावर तलवार खाली टाकत असतील असं मला तरी वाटत नाही. आणि जवळच गंगादासांची शाळा आहे, शाळा म्हणजे साधूंचा मठ, तिथल्या साधूंनी राणीच्या देहासाठी इंग्रजांशी लढाई केली, ७४५ कामी आले म्हणतात. त्यांच्याकडे कुठलं सर्टिफिकेट होतं कोण जाणे.

रविवारी सकाळी सात वाजता माझ्या हॉलमध्ये मॅट घातलेली असते, आता कराटेच्या पोरांबरोबर आखाड्यातली तीन-चार पोरं पण येतात, आणि कोणी कोणाला मुद्दाम सोडत नाही. तुमच्या खात्याचा एखादा अधिकारी पाठवा. मनगट धरायला त्यालाच उभं करू, समोर माझी पोरगी असेल, परवा अकरापैकी सहा झालेत तिचे. बूट मात्र जाड घालून यायला सांगा.

आपला,
एक कराटे मास्तर
दौलतगंज, लश्कर, ग्वाल्हेर