पार्किंगमधली मॅटाडोर: चौथं पत्र

प्रति,
मा. प्रमुख (अध्यक्ष) व मंत्री (सचिव),
सोसायटी व्यवस्थापक समिती,
कारेलीबाग, वडोदरा

दि. ११ मे २०२५

विषय: बी विंगच्या पार्किंगमध्ये बी-२०३ च्या मुलाने चालवलेलं जुन्या मॅटाडोर गाडीच्या दुरुस्तीचं काम आणि आधीच्या तीन पत्रांना न मिळालेलं उत्तर

प्रमुखसाहेब, स. न. वि. वि.

याच विषयावरचं हे माझं चौथं पत्र. पहिलं उत्तरायण झाल्यावर १८ जानेवारीला दिलं, दुसरं महाशिवरात्रीच्या आठवड्यात आणि तिसरं धुळेटीनंतर. तिन्हींवर मंत्र्यांच्या सहीची पोच आहे, उत्तर मात्र एकाचंही आलेलं नाही. लिफ्टपाशी गाठ पडली तेव्हा आपण "जोई लईशुं" (बघून घेऊ) म्हणालात. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालात, "मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा पोरगं काहीतरी करतंय ना!" या वाक्यामुळेच हे पत्र एवढं लांबलं आहे.

समितीत माझ्याविषयी गैरसमज पसरलेला आहे, म्हणून आधी तो दूर करतो. बी-२०३ मधल्या त्या मुलावर माझा राग नाही. सोळाव्या वर्षी त्याच्या हातात जे कसब आहे ते कौतुकाचं आहे. इंजिन उतरवताना त्याने प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या बरणीत ठेवले, वायरिंग सोडवण्याआधी प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून आकडे घातले, रेडिएटरचे होस कापून न टाकता क्लॅम्प सैल करून काढले. बाजारातले कितीतरी मिस्त्री एवढा धीर धरत नाहीत. माझी तक्रार मोठ्या माणसांबद्दल आहे. त्याच्या वडिलांबद्दल आहे आणि, स्पष्ट लिहितो, आपल्याबद्दलही आहे.

गाडी कोणती हे समितीने एकदा समजून घ्यावं. बजाज टेम्पोची मॅटाडोर, एफ-३०७, आरसी बुकावर १९८९. इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं ओएम ६१६, २.४ लिटर डिझेल. कुणीतरी जुन्या मालकाने मागे घडीचा पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि ५ किलोच्या सिलिंडरची जागा करून तिचं फिरतं घर केलं होतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती समा भागात अर्ध्या दारापर्यंत पाण्यात उभी होती आणि नंतर भंगाराच्या भावात आपल्याकडे आली.

गाडीचा सगळा घोळ त्या पुरात आहे. विश्वामित्रीचं पाणी उतरतं, पण दाराखालच्या पोकळ पत्र्यात, चाकावरच्या कमानीत आणि चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, बॉक्समध्ये शिरलेला गाळ तसाच राहतो. पाणी निचरायला खाली जी भोकं असतात ती त्याच गाळाने बुजतात. गाळ ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर रंगाला मसुराएवढा फोड दिसतो तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. म्हणून अशा गाडीला हात लावायचा तर पहिलं काम ही भोकं मोकळी करून, पाइप घालून, स्वच्छ पाणी येईपर्यंत बॉक्स धुणं आणि नंतर उन्हात चार दिवस कोरडे होऊ देणं. मग स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकत जायचं. जिथे आवाज बद्द येतो तिथे पत्रा मेलेला समजायचा आणि त्याच्याही पुढे इंचभर, चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचा.

या मुलाने तसं केलेलं नाही, कारण त्याला सांगणारं कुणी नाही. डाव्या बाजूला गंजून पडलेल्या भोकांत त्याने फायबरची जाळी आणि पुट्टी भरली आहे. आतला गाळ जागच्या जागी आहे. एका पावसाळ्यात ती पुट्टी पापुद्र्यासारखी सुटेल. उजव्या बाजूला त्याने वेल्डिंग केलं आहे, पण साध्या आर्क मशीनवर दहा नंबरच्या रॉडने. गाडीचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा, २० गेजच्या आसपास, आणि रॉड ३.१५ मिलिमीटरचा. त्याला लागणाऱ्या करंटला हा पत्रा टिकत नाही, लोण्यासारखा वितळून भोक पडतं, ते बुजवायला आणखी रॉड, मग आणखी मोठं भोक. हे काम सीओटू मशीनचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात बारीक तारेने वेल्डिंग करणाऱ्या मशीनचं आहे. ०.८ मिलिमीटरची तार, एका जागी एकच टाका, पुढचा टाका वीतभर लांब आणि मधल्या जागा पत्रा हाताला सोसेल इतका निवल्यावर भरायच्या. सलग ओढलं की पत्रा वाकतो आणि दार कधीच नीट बसत नाही.

आपण म्हणाल, पत्रा वाकला तर सोसायटीचं काय गेलं? सोसायटीचं काय जातंय ते आता लिहितो.

जोडासाठी त्याने जुन्या कूलरचा पत्रा आणला आहे. तो जस्ताचा मुलामा दिलेला असतो. कडेचं जस्त दोन्ही बाजूंनी घासून काढल्याशिवाय वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. खेळायला येणारी सी विंगची लहान मुलं त्याच धुरात उभं राहून ठिणग्या बघतात, डोळ्यांवर काही नाही. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे लगेच दुखत नाहीत, रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, म्हणून आईबापांना कारणही कळत नाही.

याहून गंभीर गोष्ट पेट्रोलची. सुटे भाग धुवायला तो उघड्या घमेल्यात पेट्रोल वापरतो आणि ते घमेलं ग्राइंडरपासून चार पावलांवर असतं. वेल्डिंग-कटिंग चालू असताना ११ मीटरच्या आत जळणारं काही ठेवू नये, हा कारखान्यांतला सर्वमान्य दंडक आहे. आपल्या पार्किंगची रुंदीसुद्धा तेवढी नाही! डिझेलची टाकी काढली आहे हे चांगलं केलं, पण ती झाकण उघडं ठेवून पंपरूमला टेकवली आहे. रिकामी टाकी निरुपद्रवी असते असं सगळ्यांना वाटतं. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते, रिकामीत वाफच असते. गाडीच्या आतला गॅसचा छोटा सिलिंडर अजून पलंगाखाली आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर न जाता जमिनीवरून सरपटत सखल जागा शोधतो. आपल्या पार्किंगमधली सगळ्यांत सखल जागा लिफ्टचा खड्डा आहे.

वीज तो पंपरूमच्या सॉकेटमधून घेतो, म्हणजे बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून. पैशांचा प्रश्न मी आज काढत नाही. वायर १.५ स्क्वेअर मिलिमीटरची, तीही रिळावर गुंडाळलेली. गुंडाळलेल्या वायरमधून एवढा करंट गेला की उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं प्लॅस्टिक एकमेकांत चिकटतं. ४ स्क्वेअरची वायर पूर्ण सोडून वापरायला हवी. मशीनचा परतीचा चिमटा कामाच्या जागेशेजारी उघड्या पत्र्याला लावायचा असतो. २७ एप्रिलला तो पाण्याच्या लोखंडी पाइपला लावलेला होता, फोटो सोबत आहे. त्या पाइपला वरच्या चार मजल्यांवरचे नळ आहेत.

गाडी विटांवर आहे. दीड टनाच्या घरातली गाडी आणि खाली भट्टीच्या विटा! वीट वरून भार सोसते, पण एका कोपऱ्यावर धक्का बसला की एका क्षणात भुगा होते. तीन टनी चार जॅक स्टँड लागतात, ते चेसिसखाली आणि त्यांच्याखाली जाड लोखंडी पट्टी, कारण आपले पेव्हर ब्लॉक खचतात. तो मुलगा त्या गाडीखाली उताणा झोपून काम करतो. मी तीनदा त्याला बाहेर ये म्हणालो. तिन्ही वेळा तो "हो काका" म्हणून बाहेर आला आणि मी वर गेल्यावर पुन्हा आत गेला. हे बघून शांत झोप कशी लागावी?

इतर गोष्टी थोडक्यात. ग्राइंडरचा लोखंडी कीस उडून शेजारच्या गाड्यांच्या रंगात रुततो आणि आठ दिवसांत नारिंगी ठिपके उठतात. माझ्या गाडीसकट चार गाड्यांवर ते आहेत, आणि ते पाण्याने जात नाहीत. आता त्याने पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणला आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते दम्याला थेट चाळवतं, आणि कागदी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. तळमजल्यावरच्या आजींना दम्याचा पंप घ्यावा लागतो हे आपल्याला माहीत आहे. इंजिनमधलं सहा लिटरच्या वर काळं ऑइल पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये गेलं, तिथून ते नदीत जाणार. आवाजाचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ग्राइंडर नव्वदीच्या पुढे जातो. पार्किंगचा वापर फक्त वाहन उभं करण्यासाठी, असं आपल्याच नियमावलीत आहे, आणि माझी स्कूटर जिन्याखाली दोन दिवस राहिली तेव्हा तेच कलम मला दाखवण्यात आलं होतं.

वडिलांचं म्हणणं असं की गाडी व्हिंटेज आहे, तिला नियम वेगळे. हे बरोबर नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेलं वाहन व्हिंटेज. १९८९ च्या गाडीला त्यासाठी २०३९ उजाडेल. आज ती साधी जुनी गाडी आहे. १५ वर्षांची नोंदणी २००४ मध्ये संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे शेवटची मुदत २०२४ मध्ये येऊन गेली. ते झालं आहे का, समितीने कागद मागून बघावं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका जुन्या गाडीचं स्टिअरिंग हातात देऊन ह्याच मुलाला गेटबाहेर वळसा मारू दिला गेला, तेही वॉचमनने पाहिलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमात अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाड्यांवर एवढा जीव असलेल्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळू नये, असं कुणाला वाटतं?

हे मी एकटा म्हणत नाही. ए विंगची नऊ घरं माझ्या मताची आहेत. सही द्यायला ती कचरतात, कारण नवरात्रीच्या वर्गणीवरून झालेला प्रकार अजून कुणी विसरलेलं नाही. बी-३०४ च्या ताईंनी तर मला सांगितलं की संध्याकाळी वेल्डिंग सुरू झालं की त्या गॅलरीचं दार लावून घेतात. गरब्याच्या खुर्च्या सात महिने पार्किंगमध्ये पडून आहेत, पंपरूमजवळच्या एकुलत्या एक अग्निशामकावर रिफिलची तारीख २०२२ ची आहे, ही तक्रारही मी दोनदा केली. आपली स्वतःची गाडी सी विंगच्या टोकाला असते, तिथवर कीस पोचत नाही, म्हणून कदाचित या गोष्टी आपल्याला किरकोळ वाटत असतील.

आता पावसाळ्याचं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आहे आणि गेल्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं, तेव्हा रात्री गाड्या काढताना आपण सगळेच रॅम्पवर होतो. आज त्याच रॅम्पच्या तोंडाशी बिनचाकांची मॅटाडोर आहे. पाणी आलं तर ती ढकलताही येणार नाही आणि तिच्यामागच्या सहा गाड्या अडकतील.

माझं मागणं फार नाही. पत्र्याचं सगळं काम मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या शेडमध्ये व्हावं. तिथे सीओटू मशीन असतं, जाणता माणूस असतो, आणि मुलगा त्याच्या हाताखाली महिनाभरात जे शिकेल ते इथे दोन वर्षांत शिकणार नाही. तेवढ्या खर्चाची वडिलांची ऐपत आहे. रंगही तिथेच. इथे फक्त हाताच्या पान्याने होणारं काम, सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ७, आणि घरातला एक मोठा माणूस समोर खुर्ची टाकून बसलेला. सिलिंडर आणि डिझेलची टाकी आजच्या आज बाहेर. विटा उद्यापर्यंत काढून जॅक स्टँड. १५ जूनच्या आत गाडी चार चाकांवर, हवा भरलेली, ढकलता येईल अशी. आणि अग्निशामक समितीने स्वतःच्या खर्चाने भरून आणावा, ६ किलोचा ड्राय पावडरचा, एकाऐवजी दोन.

२० मेपर्यंत मला लेखी उत्तर हवं आहे. ते न आल्यास हेच पत्र फोटोंसह अग्निशमन खात्याकडे देईन, आणि त्याआधी मुलाच्या आईला वाचायला देईन, कारण विटांचं तिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आपला,
सभासद, बी-१०४

सोबत: आधीच्या तीन पत्रांच्या प्रती, सात फोटो.