इंटर्नशिपचे नुसते तास मोजून काय होणार?

संपादक महोदय, नमस्कार.

माझी मुलगी बी.कॉम.ला आहे. दुसरं वर्ष संपल्यावर मे महिन्यात तिने पणजीला एका ऑफिसात इंटर्नशिप केली. आम्ही वाळपईची, म्हणजे सकाळी सातची बस, साखळी गावावरून पणजी, घरी यायला संध्याकाळचे साडेसात, आणि दिवसभर काम काय तर जुनी बिलं स्कॅन करा, झेरॉक्स काढा, कोण आलं की चहा सांगा. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरला एकदाही हात लावू दिला नाही हो. सर्टिफिकेटवर मात्र जीएसटीचं ट्रेनिंग घेतलं असं छापून आलं! ते कॉलेजात दिलं, लॉगबुकवर सही झाली, डिग्रीसाठी लागणारे क्रेडिट मिळाले, विषय संपला.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आणि चौथ्या सेमिस्टरनंतर ६० ते १२० तास इंटर्नशिप. रोजचे आठ तास धरले तर १२० तासांचे जेमतेम १५ दिवस होतात, त्यातला अर्धा वेळ झेरॉक्सपाशी गेला तर पोर शिकणार कधी?

तिच्या मैत्रिणीचा मामा सीए, तिला दुसऱ्या दिवसापासून रिटर्न भरायला बसवलं. चांगलंच झालं, पण क्रेडिट दोघींना सारखेच. ज्यांची ओळख नाही त्यांनी काय करायचं? स्टायपेंड नाही, बसभाडं आणि दुपारचं जेवण आपल्याच खिशातून. अप्रेंटिसला निदान १९६१ चा कायदा आहे, स्टायपेंड द्यावाच लागतो, इंटर्नला तसलं काहीच नाही.

माझं म्हणणं एवढंच की कॉलेजवाल्यांनो, कंपनीकडून रिपोर्ट घेता तसा मुलांकडूनही घ्या, आणि मार्क लागल्यावर घ्या म्हणजे ती घाबरणार नाहीत, नावही नको. रोज नक्की काय काम केलं, शिकवायला कोण बसलं का, पैसे मिळाले की गेले, मुलींना उशिरापर्यंत थांबवलं का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळेल. मधे एकदा कॉलेजच्या मेंटॉरने जाऊन बघावं, नाही जमलं तर फोन करावा, पण मुलीला, तिच्या साहेबाला नव्हे. आणि जिथून दोन वर्षं तीच तक्रार येते तिथे पुढची बॅच पाठवू नये. ही सगळी माहिती कंपनीच्या नावासकट कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावा.

माझा धाकटा पुढच्या वर्षी ह्याच रांगेत उभा रहाणार आहे, त्याने फॉर्म भरायच्या आधी तो कागद आम्हाला वाचायला मिळावा.

एक पालक, वाळपई-सत्तरी