लॅपटॉप मिटवून ठेवायला लावणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात तुमचे आभार तोंडी मानून झाले, पण तेवढ्यावर समाधान झालं नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत आणखी कुणाला जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे कार्ब्युरेटर उतरवून इंजेक्शन बसवायचं असेल, तर तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही हाताशी असावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. नाव घालू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका.

सगळ्यात मोठे आभार लॅपटॉप मिटवून ठेवायला लावल्याबद्दल. इंजिन मिसिंग करायला लागलं की लॅपटॉप जोडून ईसीयूतला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकातला, इंधनाचा तक्ता (इंजिनाच्या कुठल्या स्थितीत किती पेट्रोल याचे आकडे) बदलायला हात शिवशिवतात. पण तक्ता चालतो सेन्सरच्या शब्दावर. सेन्सरच खोटं सांगत असेल, तर आज बसवलेला आकडा उद्या चुकणार. म्हणून आधी वायरिंग, मग पेट्रोलचा दाब, मग टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि आकडे सगळ्यात शेवटी, हा क्रम तुम्ही एकदाही मोडू दिला नाहीत.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला असते. ईसीयूला मायनस अर्थ लागतो, त्यामुळे आधी ती उलटापालट. जुना डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो. त्यात हाय प्रेशर पंप, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा हीटर, पंखा आणि दिवे एकदम ओढले की व्होल्टेज पडतं आणि इंजेक्टर उशिरा उघडतो, म्हणून अल्टरनेटर हवाच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, बॅटरी मागे सीटच्या पाठीशी. अर्थची पट्टी गंजलेली असेल तर सेल्फ मारताना ईसीयू रीसेट होतो आणि माणूस उगाच स्टार्टिंगचं पेट्रोल वाढवत बसतो. तुमची मल्टिमीटरची परीक्षा आता आम्ही प्रत्येक गाडीवर घेतो: एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टच्या वर काटा गेला तर पुढचं काम बंद. सेन्सरचे अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जायचे, बॉडीला नाही.

इंजेक्टर किती मोठा घ्यावा, हा हिशेब तुम्ही बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलात. १७९८ सीसीचं इंजिन, ९५ हॉर्सपॉवर. एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड पेट्रोल धरलं, तर मिनिटाला सुमारे ४८५ सीसी. दोन इंजेक्टरांत वाटून, ८० टक्क्यांच्या वर उघडे राहू नयेत असं धरून, प्रत्येकी साधारण ३०० सीसी. वर पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलसाठी आठ टक्के, म्हणजे ३३० च्या आसपास, म्हणून ३५० चा घ्यायचा. ६०० चा घेतला तर आयडलिंगला इंजेक्टर इतका थोडा वेळ उघडतो की उघडझापेतच अर्धा वेळ जातो, आणि आयडल कधी स्थिर होत नाही.

दोनच इंजेक्टर का, हे आम्हाला तुमच्याकडे आल्यावरच नीट कळलं. या इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरना हवा आत घ्यायची भोकं दोनच. १ आणि २ ला एक, ३ आणि ४ ला एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एका भोकातून आधी २ ओढतो आणि लगेच पाठोपाठ १, दुसरीकडे आधी ३ आणि लगेच ४. मग बराच वेळ दोघेही गप्प. इंजेक्टर व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेऊन बसवला, तर साचलेलं पेट्रोल दोघांत सारखं वाटलं जात नाही, एक ओला तर दुसरा कोरडा. सायलेन्सरमधला वाइडबँड मात्र सगळ्यांची सरासरी दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचं भासवतो. मिनीच्या इंजिनातही असेच जोडपोर्ट होते. तिथे रोव्हरने १९९१ मध्ये कूपरला एकच इंजेक्टर दिला आणि १९९६ मध्ये दोन, हे तुमच्याकडूनच समजलं. म्हणून इंजेक्टर थ्रॉटल बॉडीत (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या घरात), भोकापासून लांब ठेवायचा, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळायला वाट मिळते. आणि प्लग १ आणि २ चे शेजारी ठेवून रंग बघायचा. मीटरपेक्षा त्या दोन प्लगांवर आमचा आता जास्त विश्वास आहे.

पेट्रोलच्या बाबतीत तुम्ही जरा रागावलाच होतात, आणि बरोबर रागावलात. एसयू कंपनीचा जुना पंप फेकायचा नाही. तो टाकीतून एक लिटरच्या स्वर्ल पॉटमध्ये, म्हणजे मधल्या छोट्या टाकीत, पेट्रोल चढवतो, तिथून हाय प्रेशर पंप ३ बारने पुढे ढकलतो, उरलेलं परत टाकीत. स्वर्ल पॉट नसेल तर टाकी अर्धी झाल्यावर वळणात पंप हवा गिळतो आणि गाडी मधेच धाप टाकते. जुने रबरी पाइप २० टक्के इथेनॉलने फुगून पाझरतात, म्हणून इंजेक्शनचेच पाइप आणि इंजेक्शनचेच क्लिप लावायचे. इंजिन थांबलं की दोन सेकंदांत पंप बंद झाला पाहिजे, आणि धडकेत कट होणारा इनर्शिया स्विच हवाच.

टायमिंगला ३६ वजा १ दातांची चकती (३६ पैकी एक दात गाळलेली, त्या खाचेवरून ईसीयूला इंजिन कुठल्या कोनात आहे ते कळतं), सेन्सरचं अंतर ०.८ ते १ मिलिमीटर. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवायचं आणि स्ट्रोब लाइट मारून पुलीवरची खूण पाहायची. रेस दिल्यावर खूण सरकली तर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या आहेत. प्लग रेझिस्टरवाले, बीपीआर६ईएस, नाहीतर स्पार्कचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत शिरतो.

माजिवड्याच्या सिग्नलचा प्रश्न तुमच्यामुळेच सुटला. मे महिन्यात दहा मिनिटं उभं राहून निघालं की पिकअप मरायचा. या इंजिनाचं इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना खेटून. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर तिथेच बसवलेला, तो तापून ७० अंश सांगणार. ईसीयूला वाटतं हवा विरळ झाली, म्हणून पेट्रोल कापतो. आत जाणारी हवा प्रत्यक्षात तेवढी गरम नसते. सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी नेला, मध्ये पत्र्याचा आडोसा दिला, ५० अंशांच्या वरची कपात निम्मी केली. इंधनाच्या मुख्य तक्त्यातला एकही आकडा बदलावा लागला नाही.

लॅपटॉप उघडला तोही तुमच्या अटींवर. वाइडबँडचं मीटर लॅम्ब्डात (हवेचं प्रमाण नेमक्या लागणाऱ्या प्रमाणाच्या किती पट आहे त्यात), कारण एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. २० टक्के इथेनॉलला तो साधारण १३.५ होतो, पण लॅम्ब्डा १ कुठल्याही पेट्रोलला १ च. आयडलला ०.९२ ते ०.९५, पाम बीच रोडवर सकाळी चौथ्या गिअरमध्ये ६० च्या स्थिर वेगाला, म्हणजे २१०० आरपीएमच्या आसपास, १.०. गायमुखच्या चढाला पहाटे, पूर्ण ॲक्सिलरेटरवर ०.८७. ऑटोट्यून (सॉफ्टवेअरने आपोआप आकडे बदलणं) बंद. तक्त्याच्या एका चौकटीत तीन-चार सेकंद स्थिर राहायचं, एका वेळी तीन टक्क्यांहून जास्त बदल नाही, आणि शेजारच्या चौकटींनाही त्याच बाजूला थोडं ओढायचं. मीटर अचानक लीन (पेट्रोल कमी) दाखवायला लागला तर आधी एक्झॉस्टचं गॅस्केट आणि प्लग बघायचे. मिसिंग झालेल्या सिलिंडरमधला न जळलेला ऑक्सिजनही मीटरला लीनच वाटतो, आणि त्यावर पेट्रोल वाढवलं तर मिसिंग आणखी वाढतं. इतकी साधी गोष्ट, पण ती माहीत नसल्यामुळे किती प्लग काळे होतात!

दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि डिस्ट्रिब्युटर तुम्ही सांगितल्याप्रमाणे तेल लावून पेटीत ठेवले आहेत. बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही.

आता कोल्ड स्टार्टचा तक्ता राहिला आहे. इथे सध्या पहाटेही कूलंट २५ अंशांच्या खाली फारसं जात नाही, त्यामुळे २५ च्या वरच्या चौकटी झाल्या आणि खालच्या अंदाजाने भरल्या आहेत. डिसेंबरात गाडी दोन रात्री महाबळेश्वरला उघड्यावर उभी राहणार आहे. सकाळच्या पहिल्या सेल्फचे लॉग घेऊन थेट तुमच्याकडे येतो.

तुमचे,
ठाण्या-नवी मुंबईतले जुन्या गाड्यांवाले