बंड्याचं रक्त द्यावं का?

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. "ज्याला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, त्याचं रक्त मी कोणत्या अधिकाराने देऊ?" हे तुझं वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय. दुसऱ्या आजारी कुत्र्यासाठी तुझ्या कुत्र्याचं, बंड्याचं रक्त द्याल का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर लगेच होकार न देता तू असा अडखळलास, हेच मला आवडलं. मी दोन वर्षांपूर्वी रक्त घेणाऱ्याच्या बाजूला होतो आणि तेव्हा हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

माझ्या कुत्र्याच्या, काळूच्या आजारपणाचं तुला त्रोटकच कळवलं होतं. दोन दिवस तो जेवला नाही, तेव्हा मला वाटलं, उन्हाने मलूल झाला असेल. तिसऱ्या दिवशी त्याला घराची पायरी चढवेना. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दाखवला, तर हिरड्या पांढऱ्याफटक. गोचिडताप. कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा साधारण ३७ ते ५५ टक्के असतो, काळूचा ११ निघाला. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडेल, पण तोवर हा टिकायला हवा." रक्त कशासाठी चढवतात ते मला त्या क्षणी समजलं. रक्ताने रोग बरा होत नाही, औषधाला वेळ मिळतो. उंदराचं विष पोटात गेलेला कुत्रा असो, पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेलं पिल्लू असो की अपघातात सापडलेलं मांजर असो, बहुतेक ठिकाणी हेच.

रात्री अकराला एक तांबूस कुत्री आली. डॉक्टरांकडच्या रक्त देणाऱ्या कुत्र्यांच्या यादीतली. तिचा माणूस फरशीवर मांडी घालून बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मानेच्या शिरेतून रक्त काढून होईपर्यंत तिच्या कानामागे खाजवत राहिला. दहाएक मिनिटं लागली असतील. नंदू, मी त्या पिशवीकडेच बघत होतो. कुत्रीकडे नीट बघितलंसुद्धा नाही, तिचं नाव विचारलं नाही. ती दोघं कधी निघून गेली तेही कळलं नाही. आज ते मला फार लागतं.

मग पिशवी काळूला लावली. पहिला अर्धा तास अगदी थेंब थेंब. डॉक्टर दर थोड्या वेळाने ताप, नाडी, श्वास बघत होते. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली किंवा लघवी लालसर काळी झाली तर तत्क्षणी थांबवायचं. पण रेंगाळूनही चालत नाही. पिशवी चार तासांच्या आत संपवावी लागते, कारण फ्रिजबाहेर रक्तात जंतू वाढतात. पहाटे हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग आला आणि काळूने शेपटीचं टोक हलवलं. टोकच.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. माझं मत असं की बंड्याला नाही म्हणता येतं. कुत्रा नाही म्हणतो तेव्हा सगळ्या अंगाने म्हणतो: मान वळवतो, ओठ चाटत राहतो, धापा टाकतो, उठून दाराकडे जातो. त्याला फक्त हो म्हणता येत नाही. म्हणजे तुझ्याकडे निम्मा निर्णय येतो, सगळा नाही. चांगले डॉक्टर कुत्र्याला दाबून धरून रक्त काढत नाहीत. तो शांत पडून राहिला तर घेतात, नाहीतर त्याला घरी पाठवतात. हे तू आधी विचारून घे. "तसं चालायचंच, दोघं धरतील" असं उत्तर आलं तर बंड्याला परत घेऊन ये.

तुझी शंका किती जुनी आहे बघ. १६६५ साली ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअर या डॉक्टरने एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला दिलं. माणसाला माणसाचं रक्त देण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आधी एका कुत्र्याला रक्त काढून मरणाच्या दारात नेलं आणि मग मोठ्या कुत्र्यांच्या धमनीतून त्याच्या शिरेत रक्त सोडलं. तो वाचला, पण देणारे कुत्रे मेले. कुठे थांबायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. आज सगळा भर त्यावरच आहे. बंड्या ३२ किलोचा, म्हणजे त्याच्या अंगात पावणेतीन लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं ४५० मिलि घेतील, साधारण सहावा हिस्सा. काही आठवड्यांत ते भरून निघतं. आधी त्याच्या रक्ताची तपासणी होईल, गोचिडतापाचे जंतू आहेत का तेही बघतील. दोन वेळांत निदान दोन-तीन महिने जाऊ दे, लसी वेळेवर दे. त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नाही ना, हे ते विचारतीलच.

रक्तगटाचंही विचारलं होतंस. कुत्र्यांत डीईए १ हा गट सर्वांत महत्त्वाचा. पण त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे परक्या रक्तावर हल्ला करणारे घटक, कुत्र्याच्या रक्तात जन्मतः नसतात, म्हणून पहिल्यांदा चढवलेलं रक्त सहसा निभावून जातं. त्यानंतर काही दिवसांत ती तयार होतात आणि दुसऱ्या खेपेला क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, न करता रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. काळूच्या कागदांवर मी हे लाल शाईने लिहून ठेवलंय.

तुझ्या मांजरीबद्दल, चिंगीबद्दल मात्र मी आग्रह करणार नाही. मांजराचं रक्त घ्यायचं तर बहुधा गुंगीचं औषध द्यावं लागतं. म्हणजे तिला नाही म्हणायची जी सोय आहे, तीच आपण काढून घेतो. घेतात ५० मिलिच्या आसपास, पण पाच किलोच्या जिवाला तेही थोडं नाही. तिचं हृदय आधी नीट तपासलं तरच विचार कर. देऊ नकोस असं म्हणत नाही, मीही याबाबतीत अजून घुटमळतोच आहे. तिचा रक्तगट मात्र आजच तपासून घे, तिच्या स्वतःसाठी. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे गट असतात आणि त्यांच्यात विरुद्ध गटाची प्रतिद्रव्यं उपजतच असतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त चुकून गेलं, तर एखाद मिलिलिटरनेही ते दगावू शकतं. कुणालाही चालेल असं मांजराचं रक्त नसतंच. आयत्या वेळी धावपळ करण्यापेक्षा तो कागद घरात असलेला बरा.

बंड्याला त्या दिवशी आधी भरपेट खायला द्यायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. नंतर पाणी भरपूर, आणि दोन दिवस पळापळ नको. पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस ने, मानेवर दाब नको. तिथले केस भादरतील, ते बघून वहिनी हळहळतील, त्यांना आधीच सांगून ठेव.

दिवस ठरला की कळव, मी येतो. तू त्याच्या पाठीशी बस, डोकं माझ्या मांडीवर असू दे.

तुझा,
विनय