चि. ओंकारला, पाचव्या राउंडनंतर

पुणे

प्रिय ओंकार,

पाच इंटरव्ह्यू होऊन शेवटी आलेली नोकरीच्या नकाराची मेल फॉरवर्ड केलीस आणि खाली एवढंच लिहिलंस, "माझं कुठे चुकलं?" उत्तर त्या मेलमध्ये शोधू नकोस. ती साच्यातली असते, सगळ्यांना तीच जाते. कारण लिहिलं की वादाला तोंड फुटतं, म्हणून कंपन्या लिहीतच नाहीत. मी हिंजवडीत इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसते आहे, तर तिथून काय दिसतं ते सांगते.

समोरच्याला आपण आवडलो की काम झालं, असं तुला वाटतं. छोट्या कंपनीत तसं होतंही. मालकाच्या मनात भरलास की सोमवारपासून ये. मोठ्या कंपनीत समोरचा एकटा ठरवत नाही, तो लिहून देतो. तू कॉल बंद केलास की मी फॉर्म भरते: घ्यावा की घेऊ नये, आणि खाली पुरावा. माझा फॉर्म जाईपर्यंत बाकीच्यांनी काय लिहिलंय ते मला दिसत नाही, एकाच्या मताची दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून. मग सगळे एकत्र बसतो. गूगलने तर उमेदवाराला कधीच न भेटलेल्या समितीने हे कागद वाचायची पद्धत रूढ केली. अ‍ॅमेझॉनमध्ये 'बार रेझर' म्हणून दुसऱ्याच टीमचा माणूस पॅनेलवर असतो. मॅनेजरला कितीही घाई असली तरी तो अडवू शकतो. या बैठकीत तू नसतोस, माझा फॉर्म असतो.

आता तू फोनवर तुझं काम कसं सांगत होतास ते आठव. "आम्ही पेमेंटचं मॉड्यूल केलं, आम्ही परफॉर्मन्स सुधारला." यावर मी काय लिहू? टीमने काम केलं. लगेच कोणीतरी विचारणार, मग याने काय केलं? आणि मी गप्प. त्याऐवजी सांग की रात्रीचा बॅच जॉब चार तास चालायचा, कुठली क्वेरी अडकते ते तू शोधलंस, सीनियरचं म्हणणं वेगळं होतं तरी त्याला पटवलंस आणि जॉब चाळीस मिनिटांवर आला. हे मी जसंच्या तसं उतरवते. आपल्या घरात 'मी केलं' म्हणणं आढ्यतेचं मानतात, आजीने त्यावरून तुला कितीदा टोकलंय. इंटरव्ह्यूच्या तासाभरापुरतं आजीचं ऐकू नकोस.

आणि इंटरव्ह्यूत विचारतात ती डोकं खाजवायला लावणारी कोडी पाठ करणं सोड. लॅझ्लो बॉक गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते, तेव्हा २०१३ मध्येच त्यांनी सांगून टाकलं की अशा कोड्यांतून काही कळत नाही. चार इंटरव्ह्यूंनंतर अंदाजात फारशी भर पडत नाही, हेही गूगलने स्वतःच्याच आकड्यांवरून काढलं. तरी तुझे पाच झाले! आमच्याकडेही होतात. उद्या माणूस चुकीचा निघाला तर खापर एकट्यावर फुटायला नको, एवढंच त्यामागे असतं, असं माझं मत.

काही नकारांचा तुझ्याशी संबंधही नसतो. जागेला आधी बजेट मंजूर व्हावं लागतं, आणि वर्ष संपत आलं की भरतीच गोठते. कधी आतलाच कोणी त्या जागेवर सरकतो. कधी पहिल्या पसंतीच्या माणसाला ऑफर गेलेली असते आणि तू 'होल्ड'वर. इथे ९० दिवसांचा नोटीस पिरियड, तेवढ्यात तो दुसरी ऑफर घेऊन मोकळा होतो. म्हणून महिन्याभराने एचआरचा फोन आला तर रुसून बसू नकोस.

खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, वशिल्याशिवाय काही होत नाही. रेफरलने तुझा बायोडेटा कोणीतरी नीट वाचतं, हे खरं. फॉर्म मात्र भरावाच लागतो. पगाराचा आकडा फुगवून सांगू नकोस, जुन्या पगाराच्या स्लिपा मागतात, आणि कुठे किती दिवस होतास ते पीएफच्या नोंदीत दिसतंच.

शनिवारी रात्री फोन कर. बॅच जॉबची गोष्ट पहिल्यापासून सांग, मी खरंच फॉर्म भरणार आहे. बाबांना मध्ये बोलू देत नाही.

तुझी,
आई