विषय : बोट उतरवताना आपोआप लागणारा ब्रेक आणि ‘बोट बाजूला घ्या’ हा तुमचा सल्ला

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. शांत डोक्याने लिहायचे ठरवले आहे, बघू कुठवर जमते.

तुमच्या छोट्या एसयूव्हीला टो हिच (बोटीचा ट्रेलर जोडायचा मागचा हुक) तुमचा, वायरिंग तुमचे, बसवणारे सर्व्हिस सेंटरही तुमचेच. ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग गाडीला लावलेला असला की मागचे सेन्सर गप्प राहतात. पण ट्रेलर पाण्यात घालण्याआधी तो प्लग काढावा लागतो, नाहीतर तापलेले दिवे थंड पाण्यात तडकतात किंवा पाणी शिरून फ्यूज उडतो. हे बोटवाल्या कोणालाही विचारा. आणि प्लग काढला की तुमच्या गाडीला मागचा ट्रेलर म्हणजे भिंत वाटते. रिव्हर्स टाकला, जरा मागे गेले, की कर्कश पीप-पीप आणि खाडकन ब्रेक.

कुठे? शेवाळलेल्या ओल्या उतारावर. बोटीचे मागचे पट्टे तेव्हा सोडलेले असतात. ट्रेलर थांबला, बोट थांबायला तयार नव्हती. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, साखळी अडकवलेली होती म्हणून बोट काँक्रीटवर आली नाही. तुमच्या गाडीमुळे नव्हे.

ब्रेक बंद करायची सोय आहे, मान्य. स्क्रीनवर चार मेनू उघडल्यावर सापडते. पण विंच सोडायला इंजिन बंद करून उतरले आणि परत चालू केले, की ब्रेक पुन्हा हजर!

आता आजचे संभाषण. शब्दशः देते, कारण रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच.

“मॅडम, ब्रेक लागतो म्हणजे मागे काहीतरी अडथळा असणार.”
“हो. बोट आहे.”
“मग ती बाजूला घेऊन रिव्हर्स करून बघा.”
“बोट गाडीला जोडलेली आहे. तीच पाण्यात सोडायची आहे.”
(बराच वेळ संगीत.)
“मॅडम, गाडी पाण्यात नेली तर वॉरंटी लागू होत नाही.”
“गाडी पाण्यात जात नाही. ट्रेलर जातो.”
“तुमच्या मिस्टरांना फोन देता का? त्यांना टेक्निकल समजावून सांगतो.”

मिस्टरांना ट्रेलर रिव्हर्स घेता येत नाही. मला येतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे जातो, एवढे तरी तुमच्या त्या टेक्निकल माणसाला ठाऊक आहे का, हे विचारायचे राहून गेले.

वजनाचा मुद्दा पुन्हा काढू नका. बोट, इंजिन, भरलेली टाकी आणि ट्रेलर मिळून काट्यावर 1150 किलो भरले. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे आणि तशा ट्रेलरसाठी तुमच्या हँडबुकात 1500 लिहिले आहे. ट्रेलरचे पुढचे टोक हिचच्या ज्या बॉलवर टेकते, त्यावर 70 किलो येतात, मर्यादा 75. काट्याची पावती सर्व्हिस सेंटरने मागून घेतली आणि फाइलला लावून टाकली. तिचा या ब्रेकशी काय संबंध, ते त्यांनाच माहीत.

ओढायची क्षमता ठरवताना 12 टक्के चढावर थांबलेली गाडी ट्रेलरसकट पुन्हा पुन्हा पुढे काढून बघतात. तुमच्या इंजिनिअरांनी तेही केले असेलच. त्याच उतारावरून प्लग काढून खाली यायचे एकालाही सुचले नाही? ब्रोशरवर मात्र बोट आहे, निळे पाणी आहे आणि हसणारे कुटुंब आहे. प्लग काढला होता का त्यांनी?

मला हवे ते असे. हा ब्रेक एकदा बंद केला की मी चालू करेपर्यंत बंद राहावा, असे सॉफ्टवेअर द्या. देता येत नसेल तर ‘या गाडीने बोट उतरवू नये’ असे लेखी द्या आणि हिचचे पैसे परत करा. दोन्ही नाकारलेत तर ग्राहक आयोगाकडे जाईन, आणि मिस्टरांबद्दलचे ते वाक्य तिथे मोठ्याने वाचून दाखवीन. यापुढे फोन करू नका. उत्तर लेखीच पाठवा, आणि ज्याने कधी ट्रेलर ओढला आहे अशा माणसाच्या सहीने पाठवा.

— तुमची (अजून तरी) ग्राहक