टंगस्टनला काय बाधतं

नागपूर,
रविवार

प्रिय दिन्या,

तुझं पत्र मिळालं. टिग वेल्डिंगचे टंगस्टनचे इलेक्ट्रोड दोन दिवसांत संपतात, टोक निळं-काळं पडतं, कधी पिवळट भुकटी धरते, आणि दुकानदाराने नकली माल गळ्यात मारला असं तुला वाटतं. मला नाही तसं वाटत. हा टंगस्टनचाच स्वभाव आहे.

3422 अंश सेल्सिअसला वितळणारा धातू म्हटल्यावर तो कशालाच दाद देत नसणार, असं आपण धरून चालतो. थंड असताना ते खरंही आहे. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक आम्लं त्याचं काही करू शकत नाहीत. तो विरघळवायचा तर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक एकत्र लागतात. नायट्रिक वरचा थर ऑक्सिडाइझ करतं, हायड्रोफ्लोरिक तो थर उचलून नेतं. दोघांपैकी एकट्याचं काम नाही ते.

पण तापल्यावर हाच धातू ऑक्सिजनपुढे हतबल होतो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा बसला की आतला धातू वाचतो. इथे तसं नाही. साधारण 500 अंशांपुढे टंगस्टन भराभर ऑक्साइड धरू लागतो, आणि हजारच्या आसपास तो पिवळा ट्रायऑक्साइड चक्क वाफ होऊन उडतो. खालचा धातू पुन्हा उघडा पडतो.

होस्टेलच्या खोलीत तडा गेलेला बल्ब आपण लावून बघितला होता, आठवतं? क्षणभर लख्ख पेटला, आत पांढरट धूर भरला आणि तार तुटली. तो धूर म्हणजे हाच ऑक्साइड. चांगल्या बल्बची काचही जुनी झाली की आतून काळवंडते. तार नुसत्या उष्णतेने झिजतेच, पण आत पाण्याचा अंश राहिला असेल तर ते फार लवकर होतं. पाणी तापलेल्या तारेला ऑक्सिजन देतं, ऑक्साइडची वाफ गार काचेवर बसते, मागे राहिलेला हायड्रोजन तिथे तो ऑक्सिजन परत काढून घेतो. काचेवर काळा धातू उरतो आणि पाणी पुन्हा मोकळं, पुढच्या फेरीला! मला ही रसायनशास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तेव्हा आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, तोडल्याबरोबर इलेक्ट्रोड धरणारा टॉर्च बाजूला नेऊ नकोस. टोक निवेपर्यंत हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू चालू राहू दे. 120 अँपिअरला निदान 12 सेकंद.

टोक काढायला सोडियम नायट्राइटची कांडी वापरू नकोस. लालबुंद टंगस्टन तिच्यात भडकून विरघळतो, टोक झकास निघतं, पण निघणारा वायू फुफ्फुसांचा घात करतो.

आणि दिन्या, लाल खुणेच्या इलेक्ट्रोड-कांड्यांत थोरियम असतं, किरणोत्सारी. त्यांची ग्राइंडरवरची धूळ मास्कशिवाय तू आणि तुझी पोरं रोज ओढताय. थोरियमऐवजी लँथॅनम असलेल्या कांड्या आण. या आठवड्यातच आण, आणि आणल्या की मला फोन कर.

तुझा,
अव्या